उभ्या गाडीचे तास

रविवारी शकूला भेटून परत येताना सुशीलच्या गाडीत, स्टिअरिंगमागच्या काचेवर, पिवळ्या पान्याचं चिन्ह उजळलं. आप्पा पुढं सुशीलच्या शेजारी बसले होते. त्यांनीच ते आधी पाहिलं.

"पाना लागला रे," ते म्हणाले.

"सर्व्हिस मागतेय," मागच्या सीटवरून त्यांची सून सुरुची म्हणाली. "पण सुशील, मार्चच्या शेवटालाच केली ना आपण? आता पंधरा हजार किलोमीटर बघायला नको, असं गॅरेजवाला नितीश म्हणाला होता."

"सेन्सर गंडला असेल." सुशीलनं बटण दाबलं आणि पाना विझला.

"किती पळाली तेव्हापासून?" आप्पांनी विचारलं.

"साडेचार हजार असेल. सोडा ना आप्पा. हल्लीच्या गाड्या उगाच किरकिर करतात."

आप्पांनी सोडलं नाही, फक्त गप्प बसले. मोरेश्वर थोरात हे त्यांचं नाव, पण घरात लहानथोर सगळे त्यांना आप्पाच म्हणत. कऱ्हाडच्या एसटी डेपोत त्यांनी चौतीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं होतं. माणूस उगाच किरकिर करतो, इंजिन करत नाही, हे त्यांचं मत डेपोतल्या नव्या पोरांना पाठ झालं होतं. पंधरा हजाराला मागायचं ते साडेचार हजाराला मागतं, म्हणजे त्याला काहीतरी झालंय. काय झालंय, ते बघितल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत असं बघण्याजोगं त्यांच्या हाती दुसरं काही उरलंही नव्हतं.

आप्पा आणि त्यांची बायको शकू न्यूझीलंडला लेकाकडं येऊन सहा वर्षं झाली होती. पहिली चार बरी गेली. बॉटनी डाउन्समधल्या घराच्या मागं शकूनं मेथी लावली, शेजारच्या चिनी बाईशी खाणाखुणांनी मैत्री केली. मग ती विसरायला लागली. आधी मीठ, मग गॅस, मग माणसं. एकदा सुरुचीच्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, पायात घालून ती मॉलपर्यंत चालत गेली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिली, कऱ्हाडची गाडी कुठं लागते. दोनदा असं झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता घरी ठेवणं धोक्याचं आहे. जानेवारीत तिला मनुरेव्याच्या एका केअर होममध्ये ठेवलं. सामान म्हणजे चार पातळं, एक शाल आणि देवाची तसबीर. एवढंच घेऊन ती गेली.

आप्पांनी जेवण टाकलं. हट्टानं नाही, घास खाली उतरेना.

गाडी सुशीलकडं. सुरुची लॅबमधून सातला परत यायची. आप्पांचे गुडघे दुखत, आणि इथल्या रस्त्यांवर गाडी चालवायचं लायसन त्यांनी कधी काढलं नव्हतं. म्हणून आप्पांची भेट रविवारी सकाळी, सगळ्यांबरोबर. आणि ती भेट फार वाईट जायची. आप्पांना बघितलं की शकू उठून उभी राहायची. शाल डोक्यावरून ओढून घ्यायची, मान खाली घालायची, आणि तासभर तोंडातून शब्द काढायची नाही. ते जवळ गेले तर ती दोन पावलं मागं सरायची. आप्पा आपले खुर्चीत बसून तिच्या पायांकडं बघत राहायचे.

"सकाळी ती दमलेली असते आप्पा," सुशील सांगायचा. "संध्याकाळी खुलते. संध्याकाळी बोलते चांगली."

कारण संध्याकाळ सुशीलची होती. ईस्ट तामाकीतल्या कंपनीतून सुटला की तो मनुरेव्याला जायचा, तासभर आईपाशी बसायचा आणि सातच्या सुमाराला घरी यायचा. हात धुता धुता तो बातमी द्यायचा. आई आज भात जेवली. आई हसली. आईनं तुमची चौकशी केली. त्या बातमीवर आप्पांचा घास उतरायला लागला. पाच वाजल्यापासून ते खिडकीत बसायचे आणि सात वाजता जेवायचे.

मग मे महिन्यात एक दिवस सुशील म्हणाला, "आज आईनं तुमचं नाव घेतलं. म्हणाली, मोरेश्वर जेवले का?"

आप्पांनी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "नाव घेऊन म्हणाली?"

"हो."

"माझं नाव?"

"हो आप्पा. का?"

सुशीलला ते कळणं शक्य नव्हतं. एकावन्न वर्षांत शकूनं नवऱ्याच्या तोंडावर त्याचं नाव घेतलं नव्हतं. रेशनकार्डवाल्यानं विचारलं तर शेजारच्या पोरीला पुढं करायची. दवाखान्यात नर्सनं विचारलं तर म्हणायची, "लिवा की, थोरात मिस्त्री." सणासुदीला सासऱ्यांनी सांगितलं तर चारचौघींत उखाणा घ्यायची म्हणे, पण सणासुदीला एसटीच्या जादा गाड्या, आणि आप्पा तेव्हा नेमके डेपोत. त्यांनी ते कधी ऐकलंच नाही. त्यांना ती "अवो" म्हणायची, आणि त्यांच्याविषयी बोलताना "ह्यांनी", "ह्यांना". आता आजारानं सगळं नेलं, पण नेता नेता तिच्या जिभेवरची ती गाठ सोडवून गेला, असं आप्पांना वाटलं. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला शोभणार नाही इतका आनंद झाला होता.

तेव्हापासून त्यांचा एकच ध्यास होता. एकदा, फक्त एकदा, ते नाव तिच्या तोंडून आपल्या कानांनी ऐकायचं. "मला संध्याकाळी ने," ते सुशीलला म्हणत. सुशील म्हणे, नेतो. मग कधी मीटिंग निघे, कधी पाऊस, कधी तिथं कुणाला तरी फ्लू झालेला असे. जून गेला, हिवाळा गेला, घड्याळं एक तास पुढं सरकली, संध्याकाळी उजेड राहायला लागला. आप्पांना नेणं काही झालं नाही.

पाना दिसल्यानंतरच्या शनिवारी सुशील कंपनीच्या कामाला गेला होता, सहकाऱ्याच्या गाडीतून. आप्पांनी सुरुचीला गाडी काढायला लावली आणि ते मनुरेव्याला नितीशच्या गॅरेजवर गेले. नितीश नागपूरचा. शिकायला म्हणून आला, शिक्षण एका बाजूला राहिलं, आणि आता दोन लिफ्टचं स्वतःचं गॅरेज टाकून बसला होता. आप्पांवर त्याचा जीव होता, कारण आप्पा गाडीचं बॉनेट उघडायच्या आधी कान द्यायचे.

"या काका! किया ओरा! आज कोणाची नाडी बघता?" तो हात पुसत म्हणाला. "वहिनी, तुम्ही समोर भाजी घ्या, ताजी मेथी आली आहे आज. तोवर आम्ही दोघं हिला बघतो."

सुरुची रस्ता ओलांडून गेली. नितीशनं गाडी सुरू केली, पाना परत दिसला.

"सेन्सर गंडला म्हणतो सुशील," आप्पा म्हणाले.

"सेन्सर? काका, याला सेन्सर नसतोच जी. गाडीला तेल दिसतच नाही. तेल काळं झालं का पांढरं, तिला पत्ता नाही."

"मग सांगती कशी?"

"हिशेब करते." नितीश दाराला टेकला. "तेल बदललं की मी तिला सांगतो, बाई, शंभर टक्के. मग ती कापत बसते. इंजिन किती वेळा सुरू केलं. सुरू केलं तेव्हा गार होतं का गरम. तापायच्या आत बंद केलं का. एकूण किती फेरे फिरलं. इथून टौरंग्याला जाऊन या, चारशे किलोमीटर, तिला फरक नाही पडत. इंजिन एका लयीत चालतं, टक्का-दोन टक्के कापेल. पण तीच गाडी दारात उभी करून इंजिन चालू ठेवा. किलोमीटर शून्य. पण तेल तर जळतंय ना आत? ती कापत राहते."

आप्पांचा चेहरा खुलला. "अरे, हेच मी सांगत होतो! आमच्या डेपोत सगळं किलोमीटरवर. ऊस चालू झाला की गाड्या साखर कारखान्याच्या फाट्यावर दोन-दोन तास इंजिन चालू ठेवून उभ्या. मी साहेबाला म्हणायचो, उभ्या गाडीचे तास पण धरा. साहेब हसायचा. म्हणायचा, थोरात, उभी गाडी कुठं झिजते व्हय? शेवटी गाडीलाच कळलं ते. साहेब मेला, पण कळलं."

"तुमचं पेटंट घ्यायला पाहिजे होतं काका!" नितीश हसला. त्यानं स्टिअरिंगखाली एक वायर जोडली आणि हातातल्या यंत्राच्या पडद्यावर बोट फिरवलं. "हे बघा, आपल्या मागच्या सर्व्हिसनंतरचं. चार हजार चारशे ऐंशी किलोमीटर. इंजिन चाललं दोनशे नव्वद तास. त्यातले..." तो थांबला. "बाप्पा! त्यातले एकशे चाळीस तास गाडी उभीच आहे. इंजिन चालू आणि गाडी उभी. सुशीलभाऊ उबर चालवतात का जी?"

"न्हाई."

"मग कोणीतरी हीटर लावून बसतं. हिवाळ्यात लई लोक बसतात. घरच्यांपासून लपून फोनवर बोलत." तो हसला, आणि आप्पा हसत नाहीत हे बघून गप्प झाला.

आप्पा हिशेबात पडले होते. मार्चचा शेवट ते ऑक्टोबर. अठ्ठावीस आठवडे. आठवड्याचे पाच दिवस. पाचा अठ्ठावीस एकशे चाळीस. एकशे चाळीस दिवस, एकशे चाळीस तास. दिवसाला एक तास. बरोबर एक तास.

सुशीलकडं दिवसाचा असा एकच तास होता, आणि तो आईचा होता.

त्यांनी परत गुणाकार केला. चुकत नव्हता. ते गाडीच्या पुढच्या भागावर हात ठेवून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी तो काढला नाही.

"काका, पाणी देऊ?"

"नको. तेल बदल. फिल्टर पण बदल. आणि नितीश, सुरुचीला तास सांगू नको."

"मग काय सांगू?"

"सांग, सेन्सर गंडला होता."

रविवारी ते सगळ्यांबरोबर गेले. शकू उठून उभी राहिली, शाल ओढली, मान खाली घातली. सुशील खिडकीकडं तोंड करून उभा होता. आप्पांनी त्या दिवशी शकूकडं कमी आणि लेकाकडं जास्त बघितलं. घरी येऊन जेवताना सुशील म्हणाला, "उद्या संध्याकाळी बोलेल बघा." आप्पा म्हणाले, "बघू."

सोमवारी दुपारी त्यांनी नातीकडून, इरावतीकडून, बसचे आकडे कागदावर लिहून घेतले. पंधरा वर्षांच्या पोरीला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून इंग्रजीच यायचं. "यू विल बी फाइन, आजोबा," ती म्हणाली. "हीप्स ऑफ टाइम." दोन बस बदलून, मधे एकदा चुकीच्या बाजूला उभं राहून, आप्पा साडेपाचच्या सुमाराला केअर होमच्या फाटकाशी उतरले.

गाडी दिसायच्या आधी त्यांना ती ऐकू आली. नवीन तेल घातलेलं इंजिन, मऊ, एका लयीत. पार्किंगच्या टोकाला, पोहुतुकावाच्या झाडाखाली पांढरी गाडी उभी होती. आत सुशील. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जणू चालवतोय, आणि नजर इमारतीकडं. फोनवर नव्हता, गाणी ऐकत नव्हता. नुसता बसला होता.

आप्पांनी काचेवर टकटक केली.

सुशीलनं वळून बघितलं. शेहेचाळीस वर्षांचा माणूस, कानाजवळचे केस पिकलेले, पण तोंड झालं ते खिडकीची काच फोडून सापडलेल्या पोराचं. आप्पा पलीकडून गेले, दार उघडून शेजारी बसले. आत हीटरची ऊब होती.

"आधी इंजिन बंद कर," ते म्हणाले. "तेल जळतं."

सुशीलनं बंद केलं. एकदम शांत झालं.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"गाडीनं. एकशे चाळीस तास." आप्पांना वाटलं होतं आपण ओरडू. आवाज चढलाच नाही. "एकदाही आत गेला न्हाईस?"

"मार्चपर्यंत जायचो. रोज जायचो आप्पा. एप्रिलपासून... इथपर्यंत येतो. दार दिसतं. मग उतरवत नाही."

"आणि भात जेवली, हसली, माझी चौकशी केली?"

"मी फोन करून विचारायचो नर्सला, जेवली का. तेवढं खरं असायचं." त्यानं डोळे पुसले. "बाकीचं तुमच्यासाठी. तुम्ही जेवत नव्हता."

"आणि नाव?"

सुशील नखानं स्टिअरिंगचं कातडं खरवडायला लागला.

"सुशील, नाव घेतलं का तिनं?"

"नाही. माझ्या तोंडून निघून गेलं ते. मी आणि सुरुची एकमेकांना नावानंच हाक मारतो ना. त्या दिवशी तसंच बोलून गेलो. आई तुमचं नाव घेत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नाही. नंतर तुम्ही रोज तेच विचारायला लागलात. मग मागं कसं घेऊ?"

आप्पा समोरच्या काचेतून बघत राहिले. एक बाई व्हीलचेअर ढकलत फाटकाकडं चालली होती. पाच महिने ज्या एका शब्दावर ते जगले होते, तो पोराच्या जिभेची नुसती सवय होती.

"असं काय आहे आत," शेवटी त्यांनी विचारलं, "की तुला आईसमोर जाववत न्हाई?"

"ती मला तुम्ही समजते."

"म्हणजे?"

"मला अवो म्हणते. मी तुमच्यासारखा दिसतो ना, तुम्ही तिशी-चाळिशीत होता तसा. पहिल्यांदा मी म्हटलं, आई, मी सुशील. तर घाबरली, रडली. म्हणून मग मी तुम्ही झालो. आणि तुम्ही..." तो अडखळला. "तुम्हाला ती आजोबा समजते. तुमचे वडील. म्हणून रविवारी डोक्यावरून शाल घेते. सासऱ्यासमोर बोलत नाही ती."

आप्पांच्या डोळ्यांपुढं सगळे रविवार एकामागून एक आले. उठून उभं राहणं, शाल, खाली घातलेली मान, दोन पावलं मागं. आजारपण नव्हतं ते. अदब होती.

"तेवढ्यासाठी जात न्हाईस?"

"तेवढ्यासाठी नाही." सुशीलचा आवाज बारीक झाला. "रोज एकच मागायची ती. म्हणायची, अवो, सुशीलला साताऱ्याला बोर्डिंगात धाडू नका. ल्हान हाय. अंथरूण ओलं करतंय अजून. माझ्या हाताला धरून म्हणायची. आप्पा, मला वाटायचं तिनंच पाठवलं मला. तुम्ही दोघांनी ठरवून. ती स्टँडवर आली नव्हती सोडायला."

आप्पांना ते आठवलं. नऊ वर्षांचं पोर, पत्र्याची पेटी, पहाटेची साताऱ्याची गाडी. शकूनं तीन दिवस तोंडात पाणी घेतलं नव्हतं. डेपोच्या चाळीत राहून पोराचं मातेरं होईल, असं ते तिला म्हणाले होते. आणि शेवटी एक वाक्य: ह्यात तू पडू नकोस.

"मी रोज म्हणायचो, नाही पाठवत," सुशील सांगत होता. "ती हसायची. दुसऱ्या दिवशी परत तेच. आणि मी तर गेलो होतो ना आप्पा. सात वर्षं राहिलो. शेवटी मीच तिला उचलून इथं आणून ठेवलं, आणि तिथं बसून तिला सांगायचं, नाही पाठवत म्हणून? एक दिवस उतरवलंच नाही."

आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. पोर मोठं झाल्यापासून असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता. कुठं ठेवायचा तेही नीट माहीत नव्हतं.

"चल," ते म्हणाले. "दोघं जाऊ."

दारात सीना होती, तिथली सामोअन सेविका. सुशीलला बघून तिच्या भुवया वर गेल्या. फक्त म्हणाली, आज ती छान आहे.

शकू पलंगाच्या कडेवर बसली होती. सुशील आत गेला तशी तिनं मान वर केली, आणि आप्पांनी मागं उभं राहून तो चेहरा बघितला. डोळे मोठे झाले, ओठ हलले. एकावन्न वर्षं ते दारातून आत गेले की दिसायचा तोच हा चेहरा. फक्त आज तो त्यांच्यासाठी नव्हता.

"आलासा व्हय अवो?" ती म्हणाली. "किती उशीर. डुटी बदलली का काय?"

"हो," सुशील म्हणाला. "बदलली."

मग तिला मागचे आप्पा दिसले. ती झटक्यानं उठली, शाल ओढली, कपाटाच्या कोपऱ्याला जाऊन उभी राहिली. "मामंजी आल्यात," ती दबक्या आवाजात सुशीलला म्हणाली, "आदी सांगायचं न्हाई? च्या ठेवते." आणि शेगडी कुठं गेली म्हणून ती खोलीभर बघायला लागली.

"चहा नको, सूनबाई," आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. "आत्ताच झाला."

शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं की आपण सासरा होऊन उत्तर दिलं. ती थबकली. आठ-नऊ महिन्यांत तिनं त्यांच्या बोलण्यावर पहिल्यांदाच मान हलवली.

आणि तेव्हा आप्पांच्या मनात ते आलं. त्यांच्या वडिलांना भारी हौस. दिवाळी असो, पाडवा असो, पाटावर बसून सांगायचे, सूनबाई, नाव घे. आणि सासऱ्यानं सांगितल्यावर शकूला घ्यावंच लागायचं. आता ते सासरेच होते. दोन शब्द म्हणायचे, की झालं. ती लाजेल, शालीचं टोक दातात धरेल, सुशीलकडं बघेल, आणि म्हणेल. त्यांचं नाव. खणखणीत. समोर बसून ऐकता येईल. ओठांवर आलं होतं ते. "सूनबाई," ते म्हणाले.

"जी."

पण ती त्यांच्याकडं बघत नव्हती. ती सुशीलच्या बाहीला धरून हळूच त्याला म्हणत होती, "अवो, मामंजींफुडं साताऱ्याचं काडू नका. आपल्या आपल्यात बोलू. पोराला नका धाडू." आणि सुशील तसाच उभा होता, खांदे पाडून, काय उत्तर द्यावं हे न कळून, नऊ वर्षांच्या पोरासारखा.

आप्पांनी ओठांवरचं गिळलं.

"सूनबाई, ऐक," ते म्हणाले, वडील बोलायचे तसे, पोटातून. "सुशील कुठं जाणार न्हाई. साताऱ्याला न्हाई, कुठंच न्हाई. आईजवळ राहील. मी सांगतो."

शकूनं मान वर केली. शाल थोडी सरकली, पांढरे केस दिसले. इतक्या महिन्यांत तिनं पहिल्यांदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"ह्यांना तुमीच सांगा मामंजी," ती म्हणाली आणि सुशीलकडं बोट केलं. "माजं ऐकत न्हाईत."

ह्यांना. आप्पांच्या छातीत तो शब्द लागला. नाव राहू दे, पण हा तरी त्यांचा होता.

"सांगतो," ते म्हणाले. "तो गाढव हाय. त्याला कळत न्हाई. पण ऐकंल आता."

शकू शालीआड हसली. सासऱ्यानं नवऱ्याला गाढव म्हटलं म्हणून खुदकन हसली, मग तोंडावर हात ठेवला. सुशीलनं भिंतीकडं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

ती पुढं आली आणि वाकली. गुडघे दुखत असणार, तरी पूर्ण वाकली, आणि आप्पांच्या पायांना हात लावून तो हात कपाळाला नेला. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जानेवारीपासून तिनं त्यांना जवळ येऊ दिलं नव्हतं. तिचे केस किती विरळ झाले आहेत, हे त्यांना आत्ता कळलं. आशीर्वाद द्यायचा असतो, तो काही केल्या तोंडातून बाहेर येईना. हात तसाच ठेवून ते बसून राहिले, आणि तीही मान वाकवून, सासऱ्यांनी हात काढायची वाट बघत उभी राहिली.

बाहेर आले तेव्हा अजून उजेड होता. सुशीलनं किल्लीनं गाडी उघडली, पण तो आत बसला नाही.

"उद्या विसरेल ती," तो म्हणाला. "उद्या परत तेच विचारेल."

"मग परत सांगायचं."

"रोज?"

"तू आत यायचं, ती जे म्हणेल ते ऐकायचं. सांगायचं मी बघीन. दोन बसच तर हायत."

सुशील त्यांच्याकडं बघत राहिला. "आणि तुम्ही? रोज मामंजी होऊन बसणार?"

आप्पा दार उघडून आत बसले. पट्टा लावायला त्यांना वेळ लागला.

"मामंजींच्या जवळ तरी येती," ते म्हणाले.

सुशील बसला, गाडी सुरू केली आणि लगेच निघाला. बॉटनीचा रस्ता लागेपर्यंत आप्पा खिडकीबाहेर बघत होते, आणि शकूच्या डोक्यावर ठेवलेला त्यांचा उजवा हात मांडीवर तसाच उताणा पडला होता.